पुऱ्यांपासून शेंद्र्यापर्यंत : आपल्या नगरीतील वस्त्यांचा इतिहास व नव्या घराची निवड

मंडळाच्या गेल्या वार्षिक सभेत एका तरुण सभासदाने एक सूचना मांडली, ती उपस्थितांच्या स्मरणात असेलच. शेंद्र्याच्या बाजूस जालना रस्त्यापासून थोडे आत दोनएक एकर जमीन विकाऊ आहे; ती घेऊन तीवर केवळ ज्ञातिबांधवांकरिता चोवीस रो हाऊसेस बांधावीत, अशी ती सूचना होती. टाळ्या पुष्कळ झाल्या. मग मागच्या रांगेतून एका वृद्ध भगिनीने विचारले, "पण तिथं पाणी कुठलं?" ह्यावर हशा पिकला, उत्तर मात्र कोणी दिले नाही. सूचना कार्यकारिणीकडे गेली आणि चिटणिसांनी आम्हांस आज्ञा केली की, आपल्या शहरातील वस्त्या कशा वसल्या ह्याचा इतिहास यंदाच्या स्मरणिकेकरिता लिहून द्यावा, म्हणजे सभासदांस विचार करावयास काही आधार मिळेल.

आम्ही पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेले प्राथमिक शिक्षक. इतिहाससंशोधन हा आमचा प्रांत नव्हे. तथापि आमच्या अडतीस वर्षांच्या नोकरीतील बराच काळ चिकलठाण्यापासून करमाडपर्यंतच्या पट्ट्यात गेला, आणि शहरात घर करताना जे चटके बसले तेही आम्ही विसरलेलो नाही. एवढ्या शिदोरीवर हा लेख लिहीत आहोत.

आपण ज्यास जुने शहर म्हणतो, त्याचा आरंभ घरांनी झालाच नाही, पाण्याने झाला. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर ह्याने इ. स. १६१० साली खडकी ह्या खेड्यास राजधानीचे स्थान दिले. गावाचे नावच खडकी. खडकाळ जमीन, आणि खाम नदीचा भरवसा पावसाळ्यापुरता. अशा ठिकाणी लष्कर, कारखाने व बाजार वसवावयाचे, तर पाण्याची तजवीज प्रथम करणे प्राप्त होते. त्याने उत्तरेकडील हर्सूलच्या बाजूचे भूगर्भातील पाणी जमिनीखालून खोदलेल्या नहरीने, केवळ उताराच्या बळावर, शहरात आणले. नहर साफ करण्यासाठी माणूस आत उतरू शकेल अशी तोंडे ठिकठिकाणी ठेवली. हीच नहर-ए-अंबरी होय. ना पंप, ना वीज. मलिक अंबर १६२६ साली वारला. त्याचा पुत्र फत्तेखान ह्याने गावास फत्तेनगर म्हटले, १६५३ मध्ये दख्खनच्या सुभेदारीवर दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबाने औरंगाबाद म्हटले, आणि २०२३ साली ते छत्रपती संभाजीनगर झाले. नावे बदलत गेली. नहरीचे पाणी मात्र विसाव्या शतकापर्यंत शहराच्या उपयोगी पडत राहिले.

मोगलांच्या अमदानीत शहराबाहेर पुरे वसले. आजच्या भाषेत बोलावयाचे तर हीच आपली पहिली उपनगरे. मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाचा जयसिंगपुरा, बिकानेरच्या कर्णसिंहाचा कर्णपुरा, त्याचा पुत्र पदमसिंह ह्याचा पदमपुरा, बुंदेल्यांच्या पहाडसिंगाचा पहाडसिंगपुरा. सरदार आपल्या फौजेसह व आश्रितांसह उतरे, आणि त्याच्याभोवती साळी, सुतार, वाणी, पुजारी जमत. पुऱ्यास सरदाराचे नाव असले, तरी तो एका जातीचा कधीच नव्हता. एका जातीची वस्ती करून कोणाचे भागणार? पीठ कोणी दळावे, घोड्याची नाल कोणी ठोकावी? पाणचक्की ज्यांनी पाहिली आहे, त्यांस हे निराळे सांगणे न लगे. डोंगराच्या बाजूचे पाणी मातीच्या नळांतून आणून त्या जोरावर जाते फिरविले, आणि त्या पिठाची भाकर दर्ग्याच्या आश्रयास आलेल्या यात्रेकरूंच्या मुखी लागली.

इ. स. १७६३ साली निजामाने राजधानी हैदराबादेस नेली आणि शहराचे तेज उतरले. पुढे १९०० साली मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे येथून गेली, तेव्हा स्टेशन गावाबाहेर पडले आणि शहरास नैर्ऋत्येकडे एक नवा रस्ता फुटला. आपल्या ज्ञातीची बहुतेक घराणी त्या काळी व त्यानंतरही वेशीच्या आतच होती. माळवदाची घरे, आत चौक, चौकात आड. एका गल्लीत आपली पाच-सात बिऱ्हाडे असत आणि कोणाकडे मूल रडले तर कोणाचे ते सर्वांस कळे. त्या गल्लीची आठवण काढून आजची वडील माणसे डोळे पुसतात, ते आम्ही समजू शकतो. परंतु त्याच गल्लीत उन्हाळ्यात आडाशी घागरी रांगेत लागत, आणि रांगेत जे भांडण होई त्यात ज्ञातीचे नाते आडवे येत नसे, हेही आमच्या आईने सांगितलेले आम्हांस आठवते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मिलिंद महाविद्यालय उघडले, १९५८ साली विद्यापीठ स्थापन झाले, १९६० साली महाराष्ट्र राज्य आले आणि १९६२ साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ. रेल्वे स्टेशनजवळ व पुढे चिकलठाण्यास कारखाने उभे राहिले. त्यात १९७२ चा दुष्काळ पडला आणि खेड्यांतील माणसे कामाच्या शोधात शहराकडे वळली. आता प्रश्न हा की, ह्या माणसांनी राहावे कोठे?

ह्याचे एक उत्तर सिडकोने दिले. मुंबईपलीकडे नवे शहर वसविण्यासाठी १९७० साली स्थापन झालेल्या ह्या महामंडळाकडे १९७२ मध्ये नवीन औरंगाबादचे काम सोपविण्यात आले. जुन्या शहराच्या पूर्वेस एन-१, एन-२ अशा क्रमांकांची सदनिकांची व भूखंडांची वसाहत उभी राहिली. आमच्या वडिलांस तो प्रकार पटला नाही. "जिथं गल्लीला नाव नाही, नंबर आहे, तिथं कोण राहील?" असे ते म्हणत. पण त्या नंबरांत एक शहाणपण होते. आधी नकाशा, मग रस्ता, मग नळ व गटार, आणि सर्वांच्या शेवटी माणूस. अल्प उत्पन्नाच्या गटास लहान घर, मध्यम गटास थोडे मोठे. शेजारी कोण येणार हे अर्जावर व सोडतीवर. जमीन कायमच्या मालकीची नव्हे, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याची. पण कागद स्वच्छ. तेव्हा ज्या ज्ञातिबांधवांनी धीर करून तेथे दोन खोल्या घेतल्या, त्यांची मुले आज त्या दोन खोल्यांवर मजले चढवून राहतात. २००६ साली ही वसाहत महानगरपालिकेकडे आली.

दुसरे उत्तर लोकांनी आपले आपण शोधले. त्याचे नाव गुंठेवारी. शेतकऱ्याकडून किंवा मध्यस्थाकडून वीस बाय तीसचा तुकडा घ्यावयाचा, स्टँपपेपरवर लिहून घ्यावयाचा आणि विटा उतरवावयाच्या. हिला आपल्याकडे बाँडवरचा प्लॉट म्हणतात. हा इतिहास आम्ही ऐकीव सांगत नाही. १९८६ साली आम्ही व आमचे दोन शिक्षकबंधू ह्यांनी शहराच्या दक्षिणेस असे तीन तुकडे घेतले. सौभाग्यवतींच्या पाटल्या त्यात गेल्या. विकणाऱ्याने चुन्याने आखलेला तीस फुटी रस्ता दाखविला, उद्यानाची जागा दाखविली, आणि कोपऱ्यात एक लिंबाचे झाड होते, त्याखाली मंदिर होईल असे सांगितले. नकाशास मंजुरी आहे काय, हे विचारावयाचे आम्हांस सुचले नाही. शिक्षक असून सुचले नाही, ह्याची लाज आजही वाटते. पुढे उद्यानाच्या जागेवर आणखी प्लॉट पडले, तीस फुटी रस्ता अठरा फुटांचा झाला. सातबाऱ्यावर नाव मूळ मालकाचेच, त्यामुळे कोणी कर्ज देईना. पंधरा वर्षे आम्ही टँकरच्या वेळेवर शाळेच्या वेळा सांभाळल्या. २००१ साली राज्याने गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला, शुल्क भरून आमचे घर कायद्याच्या दृष्टीने जन्मास आले. पण नळाची वाहिनी आमच्या गल्लीपर्यंत पोहोचली, तेव्हा थोरली कन्या सासरी जाऊन तिला मूल झाले होते. २०२१ साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसही तो लागू झाला. म्हणजे मधल्या काळात आमच्यासारखे किती शहाणे निपजले, ते पाहावे!

ह्या दोन उत्तरांत फरक एवढाच की, एकीकडे पाणी व कागद घराच्या आधी आले, दुसरीकडे घर आधी आले. बांधणाऱ्याची जात, त्याची ऐपत, त्याची हौस ह्यांनी काही अडले नाही, क्रमाने अडले.

पश्चिमेस वाळूजला काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. १९८५ साली बजाजचा कारखाना तेथे सुरू झाला, त्यामागून शेकडो लहानमोठे उद्योग आले. कामगारांनी जवळची खेडी गाठली. रांजणगावासारखी गावे पाहता पाहता खोल्याखोल्यांनी भरून गेली. ग्रामपंचायतीचा आड होता तेवढाच राहिला. सिडकोने तेथे वाळूज महानगर आखले, परंतु तोवर माणसे येऊन राहिली होती.

आता शेंद्र्याकडे वळू. आम्ही त्या पट्ट्यात नोकरीस लागलो तेव्हा शेंद्रा म्हणजे जालना रस्त्यावरचा एस. टी. चा एक थांबा. बाजरी, ज्वारी, थोडा कापूस. चैत्रात मांगीरबाबांची यात्रा भरे, तेव्हा मात्र दूरदूरच्या गाड्यांनी शिवार फुलून जाई आणि वर्गात पोरे टिकत नसत. पुढे औद्योगिक महामंडळाने तेथे मोठे क्षेत्र संपादन केले. २००१ साली स्कोडाच्या मोटारी तेथे तयार होऊ लागल्या. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यात शेंद्रा व बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांची 'ऑरिक' ही औद्योगिक नगरी आखली गेली; तिच्या कचेरीच्या भव्य इमारतीचे उद्घाटन ७ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. ह्या नगरीच्या नकाशात कारखान्यांबरोबर निवासी जागाही राखलेली आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला, तोही ह्याच बाजूने जातो. आपल्या ज्ञातीतील किती तरी मुले आज शेंद्र्यास नोकरी करतात. आमचा पुतण्याही त्यांतला एक. तेव्हा घर तिकडेच असावे ही तरुणांची इच्छा स्वाभाविक आहे, तीस आम्ही हसत नाही.

पुतण्यास पहिले रो हाऊस घ्यावयाचे ठरल्यावर गेल्या उन्हाळ्यात आम्ही त्याजबरोबर चार रविवार हिंडलो. रो हाऊस म्हणजे ओळीतले घर. दोन्ही बाजूंची भिंत शेजाऱ्याशी सामाईक, पुढे स्कूटर मावेल एवढे अंगण, वर एक मजला. आपल्या शहरात हा प्रकार फार रुजला आहे, कारण फ्लॅटमध्ये पायाखाली स्वतःची भूमी नाही ही खंत आपल्या लोकांस सोडवत नाही.

प्रथम सिडकोत जुने घर पाहिले. शाळा, दवाखाना, भाजी सर्व हाताशी. पण किंमत ऐकून पुतण्या गप्प झाला आणि भाडेपट्ट्याचे हस्तांतर म्हणजे काय, हे विचारू लागला. त्यानंतर सातारा-देवळाईच्या बाजूस गेलो. डोंगराच्या पायथ्याशी खंडोबाचे देऊळ, हवा उत्तम, बीड बायपासने केंब्रिज चौकापर्यंत येऊन पुढे शेंद्र्यास जाता येते. हा भाग २०१५ च्या सुमारास महापालिकेत आला, पण घरे त्याच्या कितीतरी आधी आली होती. म्हणजे आमचीच कथा मोठ्या अक्षरात. एका ओळीत घरे सुंदर, संगमरवर चकचकीत, आणि प्रत्येक गच्चीवर दोन-दोन हजार लिटरच्या टाक्या. टाक्या मोठ्या दिसल्या की, नळ लहान आहे असे समजावे. शहराचे पाणी १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडीच्या नाथसागरातून चढवून आणावे लागते. आठ-आठ दिवसांआड नळ आलेला ह्या शहराने अलीकडेच पाहिला आहे. नव्या वाहिनीच्या योजनेचे भूमिपूजन २०२० साली झाले. तिचा पहिला अंदाज १,६८० कोटींचा होता, तो पुढे २,७०० कोटींच्या वर गेला. शहराच्या टोकाशी घर घेणाऱ्याने ही वाहिनी आपल्या गल्लीत कोणत्या साली येईल, हे कागदावर पाहावे, विकणाऱ्याच्या तोंडून नव्हे.

आणि शेवटी शेंद्रा. येथे एक गैरसमज आम्ही सभेतही ऐकला. "एवढे कारखाने आहेत, म्हणजे पाणी असणारच." कारखान्यांस औद्योगिक महामंडळाची स्वतंत्र नळयोजना आहे, हे खरे. पण ती त्या क्षेत्राच्या हद्दीपुरती. रस्ता ओलांडून ग्रामपंचायतीच्या हद्दीत जे रो हाऊस उभे राहते, त्यास ते पाणी आपोआप मिळत नाही. त्यास बोअर, नाहीतर टँकर. ऑरिकच्या नकाशातील निवासी भूखंड निराळा आणि त्या नावाचा फलक लावून शेजारच्या शेतात विकला जाणारा प्लॉट निराळा. दोन्हींस 'शेंद्रा' हेच नाव.

आता केवळ ज्ञातीच्या वसाहतीविषयी. हा विचार नवा नाही व टाकाऊही नाही. लंडनजवळ ईलिंग येथे १९०१ साली भाडेकऱ्यांनीच भागीदार होऊन घरे बांधण्याची सहकारी संस्था काढली. तो धडा घेऊन १९१५ साली मुंबईस गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. रावबहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिचे अध्वर्यू. आपल्या देशातील सहकारी गृहनिर्माणाचा तो आरंभ मानतात, आणि तो एका ज्ञातीने केला, ह्याचा अभिमान कोणत्याही ज्ञातीस वाटावा. पण तिचे यश कशात होते? नोंदलेली संस्था, संस्थेच्या नावावर मालमत्ता, भाग भरलेले सभासद आणि शहराच्या नळ-गटारांच्या आत असलेली जागा. ज्ञाती एक होती म्हणून हप्ते वेळेवर आले असतील. पाणी ज्ञातीने आणले नाही.

कायद्याने अशी वसाहत करता येत नाही असेही नाही. अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरविला. पण तो खटला उद्भवला कशातून, हे आमच्या उत्साही मित्रांनी लक्षात घ्यावे. एका सभासदाची मालमत्ता समाजाबाहेर जाण्यास संस्थेने हरकत घेतली, त्यातून. उद्या आपल्या चोवीस घरांपैकी एखाद्यास मुलीच्या शिक्षणापायी घर विकावे लागले, आणि ज्ञातीत त्या भावाने घेणारा कोणी नसला, तर त्याने काय करावे? पहिले घर हीच ज्याची आयुष्याची सारी पुंजी, त्याच्या गळ्यात आपण अशी अट बांधावी काय? आमचे मत स्पष्ट आहे. बारा-पंधरा कुटुंबांनी मिळून घ्यावे, म्हणजे वकिलाचा खर्च वाटला जाईल आणि विकसक दबकून राहील. पण दाराशी जातीची पाटी नसावी. हे मत सर्वांस रुचणार नाही, ते आम्ही जाणतो.

दुसरी गोष्ट, चोवीस घरे म्हणजे थट्टा नव्हे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यान्वये पाचशे चौरस मीटरपेक्षा अधिक जमिनीवरील व आठांहून अधिक घरांच्या योजनेस 'महारेरा'ची नोंदणी घ्यावीच लागते, आणि नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. मंडळाने स्वतः बांधावयाचे ठरविले, तर विक्रेत्याच्या जागी मंडळच उभे राहील, आणि पुढच्या स्मरणिकेत आमच्यासारखा कोणी मंडळाविषयी तक्रार लिहील!

सूचित जमीन पाहण्याकरिता आम्ही पुतण्यासह चैत्रात, यात्रा आटोपल्यावर, तिकडे गेलो. चुन्याने आखलेला रस्ता होता. तो पाहून छातीत थोडे धस्स झाले, हे कबूल करतो. बांधावर एक गृहस्थ उभे होते. त्यांनी पाया पडून विचारले, "गुरुजी, ओळखलं का?" चाळीस वर्षांपूर्वी आमच्या चौथीच्या वर्गात बसलेला तो मुलगा, शेजारचे शेत त्याचे. त्याने चहा मागविला आणि मग, कोणी न विचारता, आम्हांस हात धरून विहिरीकडे नेले. विहीर बांधीव, पन्नासएक फूट खोल. आत वाकून पाहिले तर तळाशी ओल होती.

"गुरुजी, हिचं पाणी यात्रेपर्यंतच. त्यानंतर मिरगापर्यंत आम्ही जनावरांनाच इकत घेतो. विकणाऱ्याला सांगू नका मी बोललो म्हणून. खाली ओढ्याच्या अंगाला माझ्या चुलत्याचं रान आहे, तिथं एन. ए. होऊन पंधरा घरांचं काम निघालंय, पाइपलाइनचं पत्र पण आलंय म्हणतात. ते पत्र तेवढं बघा."

ते पत्र आम्ही पाहिले. त्यात वाहिनी मंजूर असल्याचे लिहिले आहे. काम पूर्ण करण्याच्या तारखेची जागा कोरी आहे. पुतण्याने इसारा दिलेला नाही. दर शनिवारी कारखान्यातून सुटल्यावर तो तेथे जाऊन चर कोठवर खोदला गेला ते पाहून येतो, आणि रात्री आम्हांस फुटांचा आकडा सांगतो. गेल्या शनिवारी तो तीनशे चाळीस होता.